दम्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर : आईने पंप कमी करावा का?

सोलापूरची_लेक

नमस्कार.

माझ्या आईचे वय ६१ वर्षे असून तिला बऱ्याच वर्षांपासून दमा आहे. थंडीत, धान्य निवडताना आणि मिरच्या कुटताना तिला धाप लागते. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा ब्युडेसोनाइड (सूज उतरवणारे स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका उघडणारे औषध) यांचा पंप आणि अडीअडचणीला घ्यायचा, लगेच आराम देणारा सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप, या दोहोंवर तिचे एरवी बरे चालते. गेल्या हिवाळ्यात मात्र तिला एका रात्री तातडीने रुग्णालयात न्यावे लागले, नेब्युलायझर लावावा लागला आणि त्यानंतर काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्याही घ्याव्या लागल्या. तेव्हापासून पंपाची सवय लागते, स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, या भीतीने तिच्या मनात घर केले आहे.

शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून ती सध्या एका अ‍ॅक्युपंक्चर (शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचून उपचार) चिकित्सकांकडे जाते. त्यांनी २० सिटिंग सांगितली असून काही सिटिंग झाल्यावर रोजचा पंप हळूहळू कमी करून पुढे तो पूर्ण बंद करता येईल, असे आश्वासन दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दम्याचा समावेश असल्याचे त्यांनी तिला छापील कागदावर दाखवले. दवाखान्याच्या भिंतीवर डॉ. कोटणीसांचे छायाचित्र आहे आणि ही विद्या आपल्या सोलापूरच्या माणसाने चीनमधून आणली, असेही तिला सांगण्यात आले. आईला खरोखरच बरे वाटते आहे. छाती मोकळी वाटते, झोप लागते, असे ती सांगते. आणि त्या भरवशावर तिने संध्याकाळचा पंप कुणालाही न विचारता सोडून दिला आहे.

माझा भाऊ हे सगळे थोतांड म्हणून मोडीत काढतो आणि त्यावरून घरात वाद होतात. मला तिचे बरे वाटणे खोटे ठरवायचे नाही, पण गेल्या हिवाळ्यातली ती रात्र पुन्हा यावी असेही वाटत नाही. अ‍ॅक्युपंक्चरचा दम्यावर उपयोग होतो का, याविषयी संशोधन नेमके काय सांगते? आणि उपयोग होत नसेल, तर तिला वाटणारा आराम कसा समजून घ्यावा? ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

छातीविकार_सांगली

ताई, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर असून दम्याचे रुग्ण पाहण्यातच माझी बहुतेक कारकीर्द गेली आहे. आपल्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी एक विनंती करतो. आईंचा संध्याकाळचा पंप आजपासून पुन्हा सुरू करावा. सुयांचे काय करायचे हे आपण सावकाश ठरवू शकता; पंपाबाबत तेवढी सवड नाही. गेल्या वर्षभरात ज्या रुग्णाला रुग्णालयात नेऊन तोंडावाटे स्टेरॉइड द्यावे लागले, त्याला पुन्हा तसाच झटका येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी येतो, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. या सुजेमुळे नळ्या हळव्या होतात आणि धूळ, थंड हवा, मिरचीची खाट किंवा साधी सर्दी एवढ्यानेही त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात. आत चिकट कफ साचतो आणि श्वास बाहेर सोडताना घरघर होते. धाप ही रुग्णाला जाणवणारी गोष्ट आहे, पण सूज जाणवत नाही. एखाद्या माणसाच्या नळ्या बऱ्याच आवळलेल्या असूनही त्याला फारसा त्रास वाटत नाही, तर दुसऱ्याला थोड्याशा अडथळ्यानेही घाबरल्यासारखे होते. वय वाढते तशी ही जाणीव अनेकांत बोथट होते. म्हणून दम्यात ‘मला बरे वाटते’ आणि ‘माझ्या नळ्या उघड्या आहेत’ ही दोन विधाने वेगवेगळी तपासावी लागतात.

ही दोन विधाने एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, हे अमेरिकेतील बॉस्टनच्या एका अभ्यासात फार स्पष्टपणे दिसले. तो २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात दम्याचे ४६ रुग्ण घेतले होते आणि ३९ जणांनी तो पूर्ण केला. प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या भेटींत चार प्रकारे वागवण्यात आले : कधी खरा सॅल्ब्युटामॉल पंप, कधी औषध नसलेला पंप, कधी त्वचेत न शिरता मागे सरकणाऱ्या सुयांचे लटके अ‍ॅक्युपंक्चर, तर कधी कोणताही उपचार न देता नुसते बसवून ठेवणे. प्रत्येक वेळी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फुंकता येते हे यंत्राने मोजले आणि किती बरे वाटले हेही विचारले. खऱ्या पंपाने ही हवा सुमारे २० टक्क्यांनी वाढली. इतर तिन्ही प्रकारांत वाढ सुमारे ७ टक्केच होती. म्हणजे लटक्या सुया टोचल्या काय किंवा नुसते बसवले काय, यंत्राला फरक दिसला नाही. रुग्णांना स्वतःला किती सुधारणा वाटली, याचे आकडे मात्र निराळे होते. खऱ्या पंपाने सरासरी ५० टक्के, औषध नसलेल्या पंपाने ४५ टक्के, लटक्या सुयांनी ४६ टक्के आणि काहीही न करता २१ टक्के.

आपल्या आईंना वाटणारा आराम खोटा नाही, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. त्या रुग्णांचा आरामही खरा होता. कुणीतरी शांतपणे विचारपूस करते, अर्धा तास निवांत पडून राहायला मिळते, भीती कमी होते, श्वासाची लय मंदावते, आणि धापेची जाणीव ओसरते. दम्याच्या रुग्णासाठी ही छोटी गोष्ट नाही. पण त्या अभ्यासातील ज्या रुग्णाला लटक्या सुयांनी बरे वाटले, त्याच्या नळ्या पंप न घेतल्यामुळे आवळलेल्याच राहिल्या होत्या. तो त्याच वेळी मिरच्या कुटायला बसला असता, तर त्याला कोणतेही संरक्षण नव्हते.

खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्यांचे काय? कॉक्रेन या संस्थेने दीर्घकालीन दम्यासाठीच्या अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या. २००४ च्या आवृत्तीत १२ चाचण्या आणि अवघे ३५० रुग्ण होते. खऱ्या आणि लटक्या सुयांत फुप्फुसांच्या कार्यक्षमतेबाबत सातत्याने दिसणारा फरक त्यांना आढळला नाही आणि शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चाचण्या लहान होत्या, टोचण्याचे बिंदू आणि पद्धती वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे ‘उपयोग नाही हे सिद्ध झाले’ असेही म्हणता येत नाही. मात्र पंप सोडून देण्याएवढा भार ज्यावर टाकता येईल असा पुरावा त्यात कुठेही नाही.

आपण उल्लेख केलेल्या यादीचा उगम १९७९ मध्ये बीजिंगला झालेल्या एका परिसंवादात आहे. तेथे अ‍ॅक्युपंक्चरने उपचार करता येतील अशा ४३ विकारांची नावे देण्यात आली आणि त्यांत दमा होता. ती यादी अनुभवावर आधारलेली असून नियंत्रित चाचण्यांवर आधारलेली असेलच असे नाही, हे तिच्यासोबतच नमूद केले होते. पुढे २००३ च्या सुमारास आलेल्या संघटनेच्या अहवालात दमा पहिल्या, म्हणजे नियंत्रित चाचण्यांनी उपयोग सिद्ध झालेल्या गटात बसला नाही. परिणाम दिसला आहे पण आणखी पुरावा हवा, अशा दुसऱ्या गटात तो ठेवला गेला. छापील कागदावर हे सहसा लिहिलेले नसते.

पंप सोडल्याने काय होते, याविषयी एकच संदर्भ देतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची बारकाईने छाननी करून २०१४ मध्ये एक राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या दम्याची तीव्रता नोंदलेली होती, त्यांच्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण सौम्य किंवा मध्यम दम्याचे समजले जात होते. ज्यांच्या औषधांच्या नोंदी मिळाल्या, त्यांच्यापैकी ३९ टक्के रुग्णांना वर्षभरात तातडीचे १२ हून अधिक पंप लिहून दिले गेले होते. आणि सूज उतरवणारा रोजचा पंप मात्र अनेकांना पुरेसा मिळालेला नव्हता. तात्पुरता आराम आणि आतली न उतरलेली सूज यांची ही जोडी किती घातक असते, हे त्या अहवालाच्या पानोपानी दिसते. आईंच्या बाबतीत निळ्या पंपाची जागा सुया घेत आहेत, एवढाच फरक आहे.

---

श्प्रे_काठची

मी गेली काही वर्षे बर्लिनमध्ये राहते आणि मलाही परागकणांमुळे होणारा दमा आहे. येथे या विषयावर झालेला मोठा अभ्यास वरच्या प्रतिसादात आलेला नाही, म्हणून लिहिते.

जर्मनीत २००० नंतरच्या काळात आरोग्य विमा निधींनी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च द्यावा की नाही हे ठरवण्यासाठी मोठ्या चाचण्या करवून घेतल्या. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाच्या संशोधकांनी केलेल्या चाचण्यांत ॲलर्जीच्या दम्याचीही एक होती आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एकूण १,४४५ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकून गट ठरवले गेले : १८४ जणांना लगेच अ‍ॅक्युपंक्चर देण्यात आले, १७३ जणांना सुरुवातीला दिले नाही, आणि उरलेल्यांनी चिठ्ठीला नकार दिल्याने त्यांना थेट उपचार दिले. तीन महिन्यांत जास्तीत जास्त १५ सिटिंग होती. सुया टोचून घेतलेल्यांच्या जीवनमानात, म्हणजे रोजची कामे, झोप आणि त्रासाची जाणीव यांत, दुसऱ्या गटापेक्षा स्पष्ट सुधारणा दिसली.

हा निकाल वाचून मलाही उत्साह आला होता. पण त्यातल्या दोन गोष्टी ताईंच्या प्रश्नासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे तेथे लटक्या सुयांचा गट नव्हता. कोण सुया घेतो आणि कोण घेत नाही हे सर्वांना माहीत होते. त्यामुळे सुधारणेतला किती भाग सुयांचा आणि किती भाग लक्ष देण्याचा, हे त्या चाचणीतून कळू शकत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते. सुया पंपासोबत देण्यात आल्या. म्हणून ‘जर्मनीत दम्यावर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग दिसला’ हे वाक्य खरे असले, तरी त्यातून ‘पंप सोडता येतो’ हे निघत नाही.

पुढे २००७ पासून येथील सार्वजनिक विमा निधी दीर्घकालीन कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज या दोनच विकारांसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च देऊ लागले. दमा त्यात नाही.

मी स्वतः माझ्या फुप्फुसतज्ज्ञांना सांगून, रोजचे औषध चालू ठेवून, वसंत ऋतूच्या आधी सुया घेते. मला त्या दिवसांत कमी घाबरल्यासारखे होते आणि मी ते मनापासून जपते. पण माझ्या पर्समध्ये पंप असतोच.

---

नागपूरचा_वाचक

डॉ. कोटणीसांविषयी थोडे लिहितो, कारण त्यांच्या नावाने असे काही सांगितले जाणे योग्य नाही.

जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. बिजोयकुमार बसू होते. कोटणीस तेथे शल्यचिकित्सक म्हणून काम करत होते. रणभूमीच्या मागे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणे, औषधांच्या टंचाईत रुग्णालय चालवणे आणि तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देणे यात त्यांचे आयुष्य खर्ची पडले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. ते भारतात परतलेच नाहीत, तेव्हा त्यांनी कोणतीही विद्या आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भारतात अ‍ॅक्युपंक्चर रुजवण्याचे श्रेय त्यांचे सहकारी डॉ. बसू यांना दिले जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनमध्ये गेले, ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात तिचा प्रसार केला. कोटणीसांविषयीच्या आदरापोटी पुढे अ‍ॅक्युपंक्चरच्या अनेक दवाखान्यांत त्यांचे छायाचित्र लागले.

---

बिंदू_आणि_नाडी_पुणे

मी पुण्यात अ‍ॅक्युपंक्चरचा व्यवसाय करतो. डॉक्टरसाहेबांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. एका मुद्द्यावर मात्र माझा मतभेद आहे, तो आधी मांडतो.

२०११ च्या ज्या अभ्यासाचा त्यांनी दाखला दिला, त्यात खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरचा गटच नव्हता. तेथे फक्त लटक्या सुया वापरल्या गेल्या. त्यामुळे त्यावरून ‘औषधाविना केलेल्या उपचाराने रुग्णाला बरे वाटू शकते’ एवढे सिद्ध होते. खऱ्या सुयांनी नळ्यांवर काय होते याविषयी तो अभ्यास काहीच सांगत नाही. शिवाय त्वचेवर दाब देणारी लटकी सुईदेखील शरीराच्या दृष्टीने पूर्ण निष्क्रिय असते का, हा आमच्या क्षेत्रातला जुना आणि गंभीर प्रश्न आहे. गोळी साखरेची करता येते. टोचण्याची प्रतिकृती तितकी सोपी नाही.

असे असले तरी, रोजचा पंप कमी करण्याचा सल्ला त्या चिकित्सकांनी द्यायला नको होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आमच्या पद्धतीच्या चिनी परंपरेतही दम्याचे दोन टप्पे वेगळे मानतात : झटक्याचा काळ आणि दोन झटक्यांमधला शांत काळ. दीर्घ उपचार प्रामुख्याने शांत काळात केला जातो. चीनमध्ये तर हिवाळ्यात बळावणाऱ्या दम्यावर भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सर्वांत उष्ण दिवसांत, पाठीच्या बिंदूंवर औषधी लेप लावण्याची रीत आजही मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. धाप लागलेल्या माणसाला सुया टोचत बसणे हे माझ्या दृष्टीने कर्तव्यात कसूर आहे. माझ्याकडे घरघर ऐकू येणारा रुग्ण आला, तर मी त्याला पंप घ्यायला सांगतो आणि आराम पडला नाही तर रुग्णालयात पाठवतो.

ताईंनी एक गोष्ट आवर्जून विचारावी, आणि ती म्हणजे सुया कुठे आणि किती खोल टोचल्या जातात. दम्यासाठी मानेच्या सातव्या मणक्याच्या बाजूचा डिंगचुआन, तिसऱ्या पाठमणक्याच्या बाजूचा फेइशू, गळ्याच्या खालच्या खळगीतला तियानतू, मनगटाच्या वरचा लिएचुए आणि कफासाठी नडगीच्या बाहेरच्या बाजूचा फेंगलोंग असे बिंदू प्रामुख्याने वापरतात. हातापायांवरचे बिंदू सुरक्षित आहेत. पाठीवरच्या आणि खांद्यावरच्या बिंदूंखाली मात्र थोड्याच अंतरावर फुप्फुस असते आणि सुई सरळ, खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरू शकते. अ‍ॅक्युपंक्चरने होणाऱ्या गंभीर इजांमध्ये हीच इजा सर्वाधिक नोंदली गेली आहे. बारीक चणीच्या व्यक्तीत हे अंतर आणखी कमी असते, आणि दम्याच्या रुग्णाकडे अशी इजा सोसण्याची श्वसनाची शिल्लक कमी असते. तेथे सुई तिरकी आणि उथळच टोचायला हवी. सिटिंगनंतर छातीत एका बाजूला टोचल्यासारखी वेदना होऊन धाप वाढली, तर ते दम्याचेच आहे असे समजून घरी थांबू नये. ताबडतोब एक्स-रे काढावा.

सुया एकदाच वापरायच्या, पाकीट रुग्णासमोर फोडायचे, हे आता सर्वत्र पाळले जायला हवे. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. चिकित्सकाची नोंदणी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ज्याला हा प्रश्न आवडत नाही, त्याच्याकडे आईला पाठवू नये.

---

छातीविकार_सांगली

पुण्याच्या चिकित्सकांचा आक्षेप रास्त आहे. २०११ च्या अभ्यासात खऱ्या सुया नव्हत्या, आणि मी तो खऱ्या सुयांविरुद्धचा पुरावा म्हणून दिलेला नाही. रुग्णाला वाटणारा आराम आणि नळ्यांची स्थिती यांची फारकत दाखवण्यासाठी दिला. खऱ्या आणि लटक्या सुयांची तुलना कॉक्रेनच्या आढाव्यातल्या चाचण्यांत आहे. लटकी सुई पूर्ण निष्क्रिय नसेल, हे मी मान्य करतो. पण तसे असेल तर कोणत्या बिंदूवर आणि किती खोल टोचावे, या शास्त्राचे महत्त्व उलट कमी होते, याचाही विचार व्हावा.

अ‍ॅक्युपंक्चरविषयी एक गोष्ट मला नेहमी खटकते आणि ती या निमित्ताने लिहितो. चिनी वैद्यकाने दम्याला एक खरे औषध दिलेले आहे. माहुआंग या वनस्पतीतला एफेड्रिन हा घटक जपानमध्ये १८८५ च्या सुमारास वेगळा काढला गेला आणि १९२४ मध्ये बीजिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात चेन आणि श्मिट यांनी त्याचे परिणाम प्रयोगाने मांडले. पुढे कित्येक वर्षे जगभर दम्याला एफेड्रिन दिले जात असे. आपल्या अडुळशातल्या घटकावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन तयार झाले. परंपरेतून आलेले ज्ञान चाचणीच्या कसोटीला उतरले की वैद्यक ते स्वीकारते, याची ही उदाहरणे आहेत. दम्यासाठीच्या सुयांना तीच संधी मिळाली आणि अद्याप त्यांनी ती कसोटी पार केलेली नाही.

---

सोलापूरची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचे पहिले उत्तर वाचून कालच आईला संध्याकाळचा पंप घ्यायला लावला. तिने घेतला, पण नाराजीने. सुया बंद करायला सांगितले तर ती माझ्यापासून लपवून जाईल, हे मला दिसते आहे. सुया आणि पंप दोन्ही चालू ठेवले तर चालेल का? आणि स्टेरॉइडच्या भीतीविषयी तिला काय सांगू? तिच्या मैत्रिणींपैकी एकीची हाडे स्टेरॉइडच्या गोळ्यांनी खरोखरच ठिसूळ झाली आहेत, त्यामुळे ही भीती तिने डोळ्यांनी पाहिलेली आहे.

---

छातीविकार_सांगली

सुया बंद करायला लावू नका. नोंदणीकृत, सावध चिकित्सक असेल, पाठीवर उथळ टोचत असेल आणि औषधांत ढवळाढवळ करणार नसेल, तर आईंनी खुशाल जावे. आपण त्यांच्या आवडीच्या गोष्टीला विरोध करत नाही हे त्यांना दिसले, तर पंपाविषयी त्या आपले ऐकतील. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते मात्र चिकित्सकांना आधी सांगावे.

भीतीविषयी त्यांना असे समजावून सांगा. त्यांच्या मैत्रिणीने जे सोसले ते तोंडावाटे घेतलेल्या गोळ्यांमुळे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये पुरते. समजा त्या दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेतात. झटका आल्यावर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या, दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या हिशेबाने पाच दिवस गोळ्या दिल्या, तर ते २०० मिलिग्रॅम झाले. वजनाने पाहिले तर पंपातले ५०० दिवसांचे औषध. ही दोन औषधे वेगळी असून त्यांची ताकदही वेगळी असल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, परंतु गोळीतले औषध संपूर्ण शरीरात पोहोचते आणि पंपातले बहुतांश नळ्यांपुरते राहते, हा फरक खरा आहे. कमी ते मध्यम मात्रेच्या पंपाचा हाडांवरचा परिणाम अत्यल्प असतो. पंप सोडला की झटके वाढतात, झटके वाढले की गोळ्या वाढतात. ज्या गोष्टीला आई घाबरतात, तिच्याकडेच पंप सोडण्याची वाट जाते. मात्रा कमी करता येतेच. दमा सुमारे तीन महिने पूर्ण आटोक्यात राहिला, तर आम्ही स्वतःहून ती एकेक पायरी उतरवतो. आईंना पंप कमी हवा असेल, तर तो मार्ग खुला आहे आणि तो त्यांच्या छातीच्या डॉक्टरांच्या खोलीतून जातो. सवय लागण्याचे म्हणाल, तर या औषधाचे व्यसन लागत नाही. आजार दीर्घकाळ टिकणारा असल्यामुळे औषधही दीर्घकाळ लागते.

पंप घेतल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंडात पांढरा थर येत नाही आणि आवाज बसत नाही. फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यावा. पंप घेताना त्यांना एकदा पाहा. पुष्कळ जण फवारा जिभेवर मारतात, औषध नळ्यांपर्यंत पोहोचतच नाही, आणि मग औषधालाच दोष दिला जातो.

आणि एक पीक फ्लो मीटर घ्या. ते हातात मावणारे, फुंकर मारून वापरायचे साधे यंत्र असून औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते. रोज सकाळी आणि संध्याकाळी, पंप घेण्याआधी, उभे राहून तीन वेळा जोरात फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. तब्येत चांगली असतानाच्या दोन-तीन आठवड्यांत जो सर्वांत मोठा आकडा येईल, तो त्यांचा स्वतःचा उच्चांक. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर आकडा राहिला तर ठीक; ५० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान आला तर डॉक्टरांना दाखवायचे; ५० टक्क्यांच्या खाली गेला तर निळा पंप घेऊन लगेच रुग्णालय गाठायचे, मग कितीही बरे वाटत असो. आकडा चांगला असूनही बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तरीही थांबायचे नाही.

ज्या दिवशी सिटिंग असेल, त्या दिवशी सुयांच्या आधी आणि नंतरही आईंना फुंकायला सांगा आणि दोन्ही आकडे त्यांनाच लिहू द्या. किती बरे वाटले, हेही त्यांनी शेजारी लिहावे. ती वही घेऊन पुढच्या महिन्यात त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि मात्रा कमी करता येईल का, हा प्रश्न आईंनाच विचारू द्या.